कलेची शाळा की शाळेत कला?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतले दूध संस्थेचे सचिव घरी आले. हातात एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक होतं. चहा होईपर्यंत ते पावसापाण्याचं बोलले, मग पत्रक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "गुरुजी, पोरगी आठवीत हाय. चित्रं झ्याक काढत्या. ही शाळा बघा, हितं कलाच मुख्य विषय. वसतिगृह हाय. घालावं म्हणतोय. पर थोरला भाऊ म्हणतोय, आर्टला घालून काय बी.ए. करणार हाईस व्हय तिला? तुमी काय म्हणता?"

मी चष्मा शोधण्याच्या निमित्तानं आत गेलो. खरं तर चष्मा खिशातच होता. उत्तर सापडत नव्हतं.

मी इतिहासाचा शिक्षक. गारगोटीच्या आसपासच्या शाळांमध्ये तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. चित्रकलेचा तासही बरीच वर्षं माझ्याकडेच होता. मला चित्रकला येत होती म्हणून नव्हे, तर वेळापत्रकात दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून. तेव्हा या प्रश्नावर बोलायचा माझा अधिकार फार मोठा नाही. पण प्रश्नाचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे, आणि गंमत अशी की त्या इतिहासातलं एक महत्त्वाचं वळण आमच्या गारगोटीवरूनच जातं. सचिवांना त्या दिवशी जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते आज जरा ओळीनं सांगतो.

आधी त्यांच्या भावाचा गोंधळ घेऊ, कारण तो एकट्याचा नाही. 'आर्ट' म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना चित्रं, गाणं, नाटक आठवतं आणि निम्म्यांना बी.ए.ची पदवी. दहावीला कमी गुण पडले की 'कला शाखेला' जायचं, असं आपण म्हणतो. त्या शाखेत इतिहास असतो, राज्यशास्त्र असतं, मराठी असतं. कुंचला मात्र बहुधा नसतो. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ आले कुठून?

याचं उत्तर १८५७ या एकाच सालात सापडतं. उठावाचं साल म्हणून ते आपण पाठ केलेलं असतं. त्याच वर्षी मुंबईत दोन संस्था सुरू झाल्या. मार्च महिन्यात सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून चित्रकलेची शाळा सुरू झाली, तीच आजची जे. जे. जमशेटजींनी त्यासाठी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले होते. जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठानं जी 'आर्ट्स'ची पदवी आणली, तिचा अर्थ युरोपातल्या जुन्या परंपरेतला होता: भाषा, तत्त्वज्ञान, इतिहास, गणित अशा विद्या. जे. जे. मधली 'आर्ट' म्हणजे हातानं करायची गोष्ट: रेखाटन, नक्षी, मूर्ती. मराठीत दोन्हींना आपण 'कला'च म्हटलं. एक कला वकिली-मामलेदारीकडे नेणारी आणि दुसरी पोटापाण्याची चिंता लावणारी, अशी त्यांची वाटणी समाजानं लगेच करून टाकली. आपल्या घरातले वाद आजही त्याच वाटणीवर चालतात.

इंग्रजांनी चित्रकला शिकवायला काढली ती कलावंत घडावेत एवढ्यासाठीच नव्हे. १८५१ मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात हिंदुस्थानच्या कारागिरीचं फार कौतुक झालं. त्या कारागिरीला यंत्रयुगात कसं टिकवायचं आणि वापरायचं, हा विचार त्यामागे होता. शिवाय नकाशे, इमारतींचे आराखडे आणि यंत्रांची रेखाटनं करायला सराईत हात हवे होते. म्हणून आपल्या शाळेतल्या चित्रकलेत एकीकडे फुलांची नक्षी आली आणि दुसरीकडे कंपास-पट्टीची भूमिती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तुमच्यापैकी पुष्कळांनी दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि त्यांच्या जोडीला भूमिती-अक्षरलेखन. कलावंत आणि कारागीर, दोघंही त्या वेळापत्रकात शेजारी बसलेले दिसतात.

आता आमच्या कोल्हापूरकडे वळू. कोल्हापूरला लोक कौतुकानं 'कलापूर' म्हणतात. आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. पण बाबूराव पेंटर? १८९० साली जन्मलेला हा मिस्त्री घराण्यातला मुलगा कोणत्याही कलाशाळेत गेला नाही. घरातच सुतारकाम, कोरीवकाम आणि रंगकाम होतं. चुलतभाऊ आनंदराव यांच्या बरोबर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता हात तयार झाला. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कोल्हापुरातच कॅमेरा जुळवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. म्हणजे कोल्हापुरात कलेची शाळा होतीच. फक्त तिच्यावर पाटी नव्हती. ती मिस्त्र्याच्या घरात होती, नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात होती, गवयाच्या बैठकीत होती, कुंभारवाड्यात होती.

मात्र या शाळेची एक अडचण होती आणि ती आपण कौतुकाच्या भरात विसरतो. तिथला प्रवेश जन्मावर ठरत होता, नाहीतर एखाद्या मोठ्या माणसाच्या नजरेवर. मिस्त्र्याच्या पोटी जन्मलं तर पटाशी हातात येणार, दरबाराची नजर पडली तर मुंबईला शिकायला मिळणार. भुदरगडच्या डोंगरकपारीत गुरं राखणाऱ्या पोरानं बेंदराला मातीचे बैल कितीही देखणे केले, तरी ते दुसऱ्या दिवशी पाण्यात जाणार. मुलींचं तर नावच नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा त्या पोराला निदान शाळेचं दार उघडलं. पण शाळेत गेल्यावर त्याच्या हातातल्या मातीचं काय करायचं, हा प्रश्न बाकी राहिला.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर दिलं ते मुदलियार आयोगानं. सप्टेंबर १९५२ मध्ये केंद्र सरकारनं डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला आणि १९५३ मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगाचं म्हणणं असं की, आपली हायस्कुलं सगळ्या मुलांना एकाच वाटेनं मॅट्रिककडे ढकलतात, आणि मुलं तर वेगवेगळ्या घडणीची असतात. म्हणून हायस्कुलातच सात वाटा असाव्यात: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. या वाटा एकाच छपराखाली मिळाव्यात यासाठी 'बहुउद्देशीय शाळा' काढाव्यात, असंही सुचवलं.

सहावी वाट लक्षात घ्या. ललित कला. तिच्यात कलेचा इतिहास, रेखाटन, रंगकाम, मूर्तिकाम, संगीत, नृत्य हे विषय होते. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं चित्रकला हा मुख्य विषय घेऊन हायस्कूल पुरं करावं, ही आज पत्रकात छापलेली कल्पना सरकारी अहवालात सत्तर वर्षांपूर्वीच मांडली गेली होती.

पुढे काय झालं? बहुउद्देशीय शाळा निघाल्या, पण सात वाटांना सात तऱ्हेचे शिक्षक लागतात, कार्यशाळा लागतात, साहित्य लागतं. ते पुरेसं कुठून येणार? अशा शाळांसाठी शिक्षक तयार करणारी खास महाविद्यालयं अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथं १९६३ च्या सुमारास निघाली. म्हणजे शाळा आधी आणि शिक्षक दहा वर्षांनी. आणि पालक? ते विज्ञानाच्या रांगेत उभे राहिले. सात दारं असली तरी आत जाणारी गर्दी एका-दोन दारांशीच झाली. ललित कलेचं दार किलकिलं राहिलं.

इथं आमची गारगोटी येते.

गारगोटी म्हणजे भुदरगड तालुक्याचं ठिकाण. कोल्हापूरपासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर, वेदगंगेच्या काठी. १९५० च्या दशकात इथं श्री मौनी विद्यापीठ उभं राहिलं. याच तालुक्यातल्या पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव त्याला दिलं. ते उभं करणारे डॉ. जे. पी. नाईक. जन्म १९०७, गाव शेजारच्या आजरा तालुक्यातलं बहिरेवाडी. म्हणजे हा माणूस आमच्याच मातीतला. खेड्यातल्या मुलाला बालवाडीपासून पदवीपर्यंतचं शिक्षण खेड्यातच मिळावं आणि त्या शिक्षणाचा गावच्या शेतीशी, बांधकामाशी, आरोग्याशी संबंध असावा, ही त्यांची कल्पना. चित्राताई नाईकांनीही गारगोटीत राहून या कामाला हातभार लावला. १९५६ मध्ये केंद्र सरकारनं ग्रामीण उच्च शिक्षणासाठी देशभरात ज्या मोजक्या 'रूरल इन्स्टिट्यूट' सुरू केल्या, त्यांत गारगोटी होती. शाहू कुमार भवन हे हायस्कूल, कर्मवीर हिरे महाविद्यालय, 'आय.सी.आर.ई.' म्हणून ओळखली जाणारी अभियांत्रिकी पदविकेची संस्था, ही सगळी त्याच झाडाची फळं. परगावच्या माणसाला गारगोटी सांगितली की तो 'आय.सी.आर.ई.वाली गारगोटी का?' असं विचारतो, यात सगळं आलं.

गारगोटीत खेड्याची शाळा कशी चालते हे पाहिलेला हा माणूस पुढे दिल्लीत गेला. जुलै १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि त्याचे सदस्य-सचिव झाले जे. पी. नाईक. अहवाल जून १९६६ मध्ये सादर झाला. त्या अहवालानं मुदलियारांच्या सात वाटा मोडीत काढल्या. पहिली दहा वर्षं सगळ्या मुलांना समान, सर्वसाधारण शिक्षण द्यावं आणि शाखांची निवड त्यानंतर करावी, असं आयोगानं सांगितलं. आज आपण दहावीनंतर शाखा निवडतो, त्याचं मूळ इथं आहे. महाराष्ट्रात हा आकृतिबंध १९७५ मध्ये दहावीच्या रूपानं आला. जुनी अकरावीची मॅट्रिक गेली.

आठवी-नववीतली निवड का नको? विचार करून पाहा. तेरा वर्षांचं मूल निवडतं म्हणजे खरं कोण निवडतं? बाप निवडतो. बाप निवडतो म्हणजे बापाची ऐपत निवडते. शहरातल्या मुलापुढे सात दारं, खेड्यातल्या मुलापुढे जे एक असेल तेच. शेतकऱ्याच्या मुलानं शेती आणि मुलीनं गृहविज्ञान घ्यायचं, तर त्याला निवड कशी म्हणायची? ती नव्या नावाची जुनी वाटणीच. गारगोटीसारख्या गावावरून पाहणाऱ्याला हे अधिक स्पष्ट दिसलं असेल, असं मला वाटतं.

पण हाच आयोग कलेविषयी उदासीन होता असं कुणी समजू नये. शाळांमधल्या कलाशिक्षणाची आबाळ होते आहे, हे अहवालात नोंदवलं आहे. कलाशिक्षणाची पाहणी करायला तज्ज्ञांची समिती नेमावी आणि देशात ठिकठिकाणी बालभवनं उभी करावीत, अशाही शिफारशी आहेत. म्हणजे हिशेब असा होता: कलेची वेगळी वाट तेराव्या वर्षी नको, पण कला मात्र सगळ्यांना हवी. सुताराच्या मुलाला, डॉक्टरच्या मुलीला, गुराख्याच्या पोरालासुद्धा.

या हिशेबातली पहिली ओळ अमलात आली. दुसरी कागदावर राहिली. वेगळी वाट बंद झाली आणि सगळ्यांची वाट काही तयार झाली नाही. माझ्या मते आपल्या शालेय कलाशिक्षणाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास या दोन वाक्यांत संपतो. तालुक्या-तालुक्यात बालभवन कुठं आहे? चित्रकला आणि कार्यानुभव हे तास वेळापत्रकात राहिले खरे, पण मार्चची परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. गणिताच्या सरांनी 'तुमचा तास जरा द्या' म्हटलं की मीही हसत हसत देऊन टाकत असे. नाईकांना १९८१ मध्ये मरण आलं. आयोगाच्या शिफारशींचं पुढे काय झालं आणि काय झालं नाही, याचा रोखठोक ताळेबंद त्यांनी स्वतःच मांडून ठेवला आहे. युनेस्कोनं जगभरातल्या शंभर शिक्षणचिंतकांचा परिचय करून दिला, त्यात त्यांचं नाव आहे. स्वतःच्या कामाचं अपयश इतक्या सरळपणे लिहिणारी माणसं थोडी.

नंतरचे कागदही चांगलेच आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा असं म्हटलं. संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य, चारही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कलाशिक्षकाची तरतूद केली, पण ती कुठं? जिथं या वर्गांत शंभराहून अधिक मुलं आहेत तिथं. आमच्या डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेत शंभर मुलं कुठून आणायची? म्हणजे जिथं बाहेर कलेचा वर्ग नाही, शिकवणी नाही, प्रदर्शन नाही, नेमकं तिथंच शाळेतही कुणी नाही. आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत. ऐकायला छान वाटतं. मात्र भिंत पाडली तरी पलीकडं शिकवायला कुणीतरी उभं असावं लागतं.

आता माझी एक कबुली. ती दिल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होईल.

१९८० च्या दशकातली गोष्ट. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. इतिहासाच्या सहामाहीत मी पन्हाळगड ते विशाळगड प्रवासावर प्रश्न विचारला होता. याच्या पेपरात उत्तराच्या जागी चित्र. पन्हाळ्याचा वेढा, मध्ये डोंगरांच्या रांगा, धुक्यात जाणारी पालखी आणि टोकाला घोडखिंड. वाट कुठं चढते, कुठं वळते, सगळं त्यानं दाखवलं होतं. शब्द एकही नव्हता. मी त्या प्रश्नाला शून्य दिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "पोरगं हुशार आहे, पण चित्रांच्या नादानं वाया जाईल. लक्ष घाला." त्यांनी लक्ष घातलं. वह्या-रंग बंद झाले. दहावीला बरे गुण पडले, कोल्हापूरला सायन्सला गेला, बारावीला अडकला आणि परत आला.

बऱ्याच वर्षांनी एका गॅरेजपाशी भेटला. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या फळीवर तो नंबर रंगवत होता. बिद्रीच्या कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, काम भरपूर होतं. मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "न्हाई गुरुजी, तुमचं काय चुकलं न्हाई. त्या टायमाला दुसरं काय सांगणार हुता तुमी?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कारण ते खरं होतं. चित्रकलेत पुढे काय करता येतं हे मलाच माहीत नव्हतं. परीक्षा कोणती, कॉलेज कुठलं, पैसे किती, काहीच नाही. जे मला माहीत नव्हतं, ते जगात नाहीच असं धरून मी सल्ला दिला होता.

म्हणून सचिवांना सांगण्याआधी मी या वेळी माहिती काढली. ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

जगात कलेच्या शाळा आहेत आणि चांगल्याही आहेत. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकलेचं सार्वजनिक हायस्कूल सुरू केलं. प्रवेश मुलाचं काम पाहून. पण तिथं गणित, विज्ञान, भाषा यांचा पूर्ण अभ्यासक्रमही असतो. कला जास्तीची, बाकीचं कमी नाही. आपल्याकडे केरळमध्ये कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये कलामंडलम् स्थापन केलं. तिथं आठवीपासून मुलं कथकळीसारख्या कला शिकतात आणि त्यांच्यासाठी दहावीची वेगळी परीक्षाही आहे. पहाटे अंधारात मेहनत, मग शाळा. तिथं लवकर सुरुवात करण्याला कारण आहे. नृत्यात शरीर कोवळं असतानाच वळवावं लागतं. गाण्यात गळा लवकर तयार करावा लागतो. चित्रकलेचं तसं नाही. तिथं डोळा आणि हात सतत चालता राहिला पाहिजे, पण चौदाव्या वर्षी मुख्य विषय केला नाही म्हणून कुणी चित्रकार व्हायचं राहत नाही.

आपल्या राज्यात चित्रकलेची पदवी घ्यायची तर बारावीनंतर राज्याची प्रवेशपरीक्षा असते. ती कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. म्हणजे कला शाखा घेतली तरच चित्रकलेला जाता येतं, हा सचिवांच्या भावाचा समज चुकीचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा कला संचालनालय घेतं, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला काही वाढीव गुणही मिळतात. पण नुसत्या गुणांसाठी त्या देऊ नयेत. हात कुठवर आला ते कळण्यासाठी द्याव्यात.

हे सांगून मी सचिवांना म्हटलं, "पत्रक बाजूला ठेवा. शाळा डोळ्यांनी बघून या. पोरीला घेऊन जा. आणि चार गोष्टी विचारा. चित्रकला शिकवणारा माणूस कोण, तो स्वतः काही करतो का? आठवड्याला तास किती, छापलेले नव्हे, प्रत्यक्ष होणारे? गणित आणि भाषा शिकवणारं कोण? उद्या पोरीचं मन बदललं तर परत यायची वाट आहे का?" मग आणखी एक सांगितलं. "भिंतीवरची चित्रं बघा. ती एकमेकांसारखी आहेत का वेगळी, ते बघा."

ते पुढच्या रविवारी जाऊन आले. मंगळवारी पोरगीच माझ्याकडे आली, वही घेऊन. मी विचारलं, "कशी होती शाळा?"

"इमारत लई भारी हाय गुरुजी," ती म्हणाली. "पर भिंतीवर चाळीस चित्रं हुती. सगळ्यांत तोच डोंगर, तोच सूर्य, तीच नारळाची झाडं. एकाच पोरानं काढल्यागत." मग थोडं थांबून म्हणाली, "आपल्या हितं नारळ कुठं हाय डोंगरात?"

तेरा वर्षांच्या मुलीनं माझ्या सगळ्या इतिहासापेक्षा नेमकं बोलून दाखवलं. मुदलियार आयोगाला वाटलं होतं, वेगळी वाट दिली की मूल फुलेल. कोठारी आयोगाला वाटलं होतं, सगळ्यांना कला दिली की वेगळ्या वाटेची घाई उरणार नाही. दोघांचंही बरोबर होतं, पण दोघांच्याही मध्ये एक माणूस लागतो. मुलाचा डोंगर मुलाला काढू देणारा शिक्षक. तो असेल तर गारगोटीतली साधी शाळाही कलेची शाळा होते. तो नसेल तर चकचकीत इमारतीतही चाळीस नारळच उगवतात. मी तो माणूस नव्हतो. पेपरात धुक्यातली पालखी दिसली आणि मी शून्य दिलं.

सचिवांनी तूर्त पोरीला इथंच ठेवायचं ठरवलं आहे. दहावी इथं, यंदा एलिमेंटरी, पुढच्या वर्षी इंटरमिजिएट. महिन्यातल्या एका रविवारी सकाळच्या एसटीनं बापलेक कोल्हापूरला जाणार, तिथं एका चित्रकाराकडे दिवसभर बसणार. वसतिगृहाचे जे पैसे वाचले, त्यातले काही कागद-रंगांना बाजूला काढायचे, ही अट पोरीनं घातली आणि सचिवांनी ती मुकाट्यानं मान्य केली. हा निर्णय बरोबर ठरेल की नाही, मी सांगू शकत नाही. कदाचित दुसरी एखादी शाळा बघितली असती तर तिथली चित्रं वेगवेगळी निघाली असती, आणि मग मीच म्हटलं असतं, घाला. कलेची शाळा वाईट आणि गावची चांगली, असं मला म्हणायचं नाही. बघून, विचारून आणि मुलाचं ऐकून ठरवा, एवढंच म्हणायचं आहे. दारं बंद करणारा निर्णय तेराव्या वर्षी टाळता आला तर टाळावा, आणि हात मात्र एक दिवसही थांबू देऊ नये.

निघताना पोरीनं वही उघडून दाखवली. आमच्या दारातून दिसणारा डोंगर होता. खाली वेदगंगेची वळणं, एका कोपऱ्यात दूध संस्थेपुढं कॅन घेऊन उभी असलेली माणसं. रांगेत तिसरा तिचा बाप होता, पाठमोरा, पण उभं राहण्याच्या ढबीवरून लगेच ओळखू येत होता.

"किती गुण देशीला गुरुजी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "गुण नको. हे चित्र मला दे."

"देतो की," ती म्हणाली. "पर आधी पुरं करतो."